भिवराबाईंची क्षमा

केजहून अंबाजोगाईकडे जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो. फाट्यापासून दीड किलोमीटर आत वाडी, आणि वाडीच्या टोकाला पत्र्याचं एक प्रार्थनाघर. तिथं सहा वर्षं दर रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास एका माणसावर सूड उगवला जात होता, आणि तो उगवला जात असताना बायका पदरानं डोळे पुसत होत्या. सूड उगवणाऱ्या होत्या भिवराबाई. ज्याच्यावर उगवला जात होता तो आसाराम मागच्या भिंतीला टेकून, सतरंजीच्या अगदी कडेला बसलेला असायचा. या प्रकाराला मंडळीत क्षमा असं नाव होतं.

भिवराबाईंना ओळखत नाही असा माणूस वाडीत सापडायचा नाही. वीस वर्षं त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, त्यामुळे वाडीतली निम्मी तरणी पिढी त्यांच्या हातची खिचडी खाऊन वाढलेली. ठेंगणा बांधा, मोकळं कपाळ आणि आवाज असा खणखणीत की या टोकाला बोलल्या तर त्या टोकाच्या शेळ्या मान वर करतात. लग्न सोळाव्या वर्षी झालं. नवरा त्रिंबक. दोघांनी मिळून दहा हंगाम ऊस तोडला. अशाच एका हंगामात, कारखान्याजवळच्या पालात, त्यांची तान्ही लेक उज्ज्वला तापानं फणफणली होती. तिथं येशूची प्रार्थना करणारी एक बाई आली, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून बसली, आणि सकाळपर्यंत पोरगी दूध प्यायला लागली. त्या सकाळी भिवराबाईंनी प्रभूला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही. त्रिंबकनं नेहमीप्रमाणे म्हटलं, "तू म्हनशील तसं." त्रिंबकच्या तोंडून याहून लांब वाक्य फार थोड्या लोकांनी ऐकलं.

गावी परतल्यावर चार घरांचं प्रार्थनाघर झालं, ते पुढं चौदा घरांचं झालं. पत्रे त्रिंबकनं स्वतः ठोकले. केजहून पाळक मोहनराव स्कूटरवर यायला लागले. मऊ स्वभावाचे, गळ्यात मफलर, कुणाचं मन दुखवायचं म्हटलं की आधी स्वतःच घामाघूम होणारे. पाळक ते असले तरी मंडळी खऱ्या अर्थानं भिवराबाईंच्या आवाजावर चालायची, हे त्यांनाही माहीत होतं आणि भिवराबाईंनाही.

गीतं संपली आणि उपदेश सुरू व्हायचा असला की मध्ये साक्ष होते. ज्याला वाटेल त्यानं उठायचं आणि या आठवड्यात प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. कुणाची म्हैस सुखरूप व्याली, कुणाच्या जावयानं दारू सोडली, कुणी मोटरसायकलवरून पडला आणि नुसतंच खरचटलं. बहुतेकांची साक्ष दोन वाक्यांत आटपते, कारण उभं राहिलं की पाय कापतात. भिवराबाईंचं तसं नव्हतं. कुठं आवाज खाली आणायचा, कुठं थांबायचं, कुठल्या शब्दाला डोळ्यांत पाणी आणायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. ते त्यांच्या अंगातच होतं. एकदा त्यांना स्वतःला ताप आला. तीन दिवस त्यांनी गोळी घेतली नाही की सुई टोचू दिली नाही. नुसती प्रार्थना. ताप उतरला, आणि त्या रविवारची साक्ष अशी रंगली की शेजारच्या वाड्यांतून लोक त्यांना बघायला आले. विश्वासाची बाई म्हणून त्यांचं नाव झालं. या गोष्टीनंतर महिनाभरातच त्रिंबक गेला.

तो कसा गेला ते साऱ्या मंडळीला पाठ होतं, कारण भिवराबाईंनी ते शब्दाचा फरक न करता सहा वर्षं सांगितलं. रविवारी त्या उठायच्या, पदर डोक्यावर घ्यायच्या आणि सुरू करायच्या.

"माझ्या धन्याच्या छातीत दुखाया लागलं. मी त्यानला फाट्यावर नेलं. आसारामची जीप उभी व्हती. सात मानसं बसल्याली. मी म्हनलं, आसाराम, चल बाबा, जीव घाबरा झालाय यांचा. तो म्हनला, मावशी, अजून तीन सीटं येऊ द्या, मग निघतो. वीस मिनिटं. वीस मिनिटं माझा मानूस घामानं भिजत बसला. अंबाजोगाईला दवाखान्याच्या दारात जीव गेला. डाक्टर म्हनले, जरा आदी आनायचं व्हतं. पर मी आसारामला क्षमा केली. मला प्रभूनं बळ दिलं. प्रभूची स्तुती असो."

"स्तुती असो," मंडळी म्हणायची. ढोलकीवाला हळूच एक थाप द्यायचा. आसाराम मान खाली घालून सतरंजीचा सुटलेला दोरा बोटाला गुंडाळत बसायचा.

आता एवढं ऐकून कुणालाही प्रश्न पडेल, की हा आसाराम तिथं येतच कशाला होता. पहिल्यांदा आला तो माफी मागायला. त्रिंबकला जाऊन दीड महिना झाला होता. आसाराम धनगराच्या घरचा, प्रार्थनेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. रविवारी जीप झाडाखाली उभी करून, चपला बाहेर काढून तो दारात येऊन थांबला. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य ओठांवर होतं. "मावशी, मी..." एवढंच तो म्हणाला, आणि भिवराबाई उठल्या. सगळ्यांच्या देखत, त्याच्याकडे बोट करून, त्यांनी त्याला क्षमा करून टाकली. तो दारातच राहिला, त्याचं वाक्य तोंडातच राहिलं. न मागता पदरात टाकलेलं मागताही येत नाही आणि परतही करता येत नाही. त्या दिवशी घरी जाताना भिवराबाईंच्या पोटातली सहा आठवड्यांची आग पहिल्यांदा जरा शमली होती. प्रभूनं शांती दिली असं त्यांनी मानलं. खरं म्हणजे आसारामचा पडलेला चेहरा बघून त्यांना गोड वाटलं होतं, इतकं गोड की पुढच्या रविवारी पुन्हा ते हवंसं वाटलं.

तो आलाच नसता तर गोष्ट तिथंच संपली असती. पण तो पुन्हा आला. बहुधा उरलेलं वाक्य बोलायला आला असावा. भिवराबाईंनी पुन्हा क्षमा केली. मग तो येतच राहिला. गीतं त्याला आवडायला लागली, वचनाचा अर्थ मोहनराव सांगायचे तो त्याला डोक्यात घोळवावासा वाटायला लागला, जीप चालवताना तो गुणगुणायला लागला. हे भिवराबाईंना कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांना एवढंच कळत होतं की दहा वाजले की आपली नजर दाराकडे जाते, आणि आसाराम दिसला की बरं वाटतं. गिऱ्हाईक आल्यावर दुकानदाराला वाटतं तसं.

डूख धरणारा माणूस निदान स्वतःला फसवत नाही. तो उघड म्हणतो, याची जिरवीन. भिवराबाईंचा सूड मात्र देवघरात बसलेला होता. रोज सकाळी चुलीपुढं त्या प्रार्थना करायच्या, "प्रभू, मला नम्र ठेव," आणि आपण किती नम्रपणे हे म्हटलं यानं मनातल्या मनात त्यांचा ऊर भरून यायचा. मोहावर उपदेश व्हायचा तेव्हा त्या मान डोलवायच्या आणि मनात दारू पिणाऱ्या जावयांचा विचार करायच्या. आपल्यालाही कसला मोह असेल हे त्यांच्या कधी डोक्यात आलं नाही, कारण त्यांचा मोह बाटलीत भरलेला नव्हता. तो साक्षीत भरलेला होता.

पुढं कुणीतरी मोबाईलवर त्यांच्या साक्षीचं शूटिंग केलं आणि ते बीडपर्यंत फिरलं. बीडला तीन दिवसांची उपवास प्रार्थना भरली होती, तिथं भिवराबाईंना मंचावर बोलावलं. मंडपात हजारभर माणसं. त्यांनी तिथंही नाव घेतलं, जीपचा रंग सांगितला, फाट्याचं नाव सांगितलं. महिनाभरानं आसारामच्या जीपमध्ये बसलेल्या एका माणसानं त्याला विचारलं, "तू तोच का बे, भरल्याबिगर न निघनारा?" मग दुसऱ्यानं विचारलं. मग लोक दुसऱ्या जीपची वाट बघायला लागले. वर्षभरात आसारामनं जीप विकली आणि दूध गोळा करणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. हे कानावर आलं त्या दिवशी भिवराबाईंनी अंगणवाडीच्या खिचडीत तूप जास्त घातलं.

मोहनरावांनी एकदा, मफलर सोडत-बांधत, विचारलं होतं. "भिवराबाई, साक्ष नाव न घेता नाही का देता येणार?"

"साक्ष खरी पायजे ना साहेब? नावाबिगर खरी कशी व्हायची?" भिवराबाई म्हणाल्या.

मोहनराव पुन्हा त्या वाटेला गेले नाहीत.

चौथ्या वर्षी आसारामनं बाप्तिस्मा मागितला, आणि तेव्हा भिवराबाईंच्या हातात खरं शस्त्र आलं.

या मंडळीत बाप्तिस्मा वर्षातून एकदाच होतो, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, धरणाच्या फुगवट्याला. त्याच्या आठवडाभर आधी, झावळ्यांच्या रविवारी, एक रिवाज आहे. पाण्यात उतरणाऱ्याला पाळक पुढं उभा करतात आणि मंडळीला विचारतात, "याच्याबद्दल कुणाच्या मनात काही आहे का?" सगळ्यांनी "काही नाही" म्हणावं लागतं. मग पाळक त्याला विचारतात, "तुझ्या मनात कुणाबद्दल काही आहे का?" त्यानंही "काही नाही" म्हटलं की झालं. एकाचं जरी मन अडलं तर पाणी पुढच्या वर्षावर जातं. मनात गाठ ठेवून पाण्यात उतरू नये म्हणून हा रिवाज, प्रार्थनाघर चार घरांचं होतं तेव्हा, म्हाताऱ्या सावित्रीबाईंच्या सासऱ्यानं घालून दिलेला आहे. त्याचा असा उपयोग होईल हे त्या म्हाताऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

मोहनरावांनी विचारलं. सगळे "काही नाही" म्हणाले. भिवराबाई उठल्या. "मी क्षमा केलीच हाय," त्या म्हणाल्या, "पर मला आतून अजून मोकळीक न्हाई. मी पराथना करते. जरा थांबू." बाई किती जपून चालते, असं बायका एकमेकींना म्हणाल्या. भिवराबाई खाली बसल्या आणि मनात आसारामला म्हणाल्या, तू माझ्या माणसाला थांबवलंस, आता तू थांब.

दुसऱ्या वर्षीही हेच झालं. दोन्ही वर्षी मोहनरावांनी रिवाजाप्रमाणे आसारामलाही विचारलं, आणि दोन्ही वर्षी तो म्हणाला, "काही न्हाई." दोन्ही वर्षी फुगवट्यावर त्यानं दुसऱ्यांचे कपडे सांभाळले.

तिसऱ्या वर्षी, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी दुपारी, भिवराबाई ओसरीवर अंगणवाडीचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. फाटकातून आसारामची बायको बबिता आत आली. बबिता प्रार्थनेला जायची नाही. तिच्या घरात खंडोबा होता, कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. ती ओसरीच्या पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"ये की, बस," भिवराबाई म्हणाल्या.

"बसाया न्हाई आले मावशी. इचाराया आलेय. उद्या तुमी काय म्हननार?"

"ते प्रभू सुचवंल तसं."

"तुमचा प्रभू दोन साल झालं तेच सुचवितोय कावून?" बबिताचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "माझ्या नवऱ्याची दर रविवारी धिंड काढता तुमी. मी म्हनते जाऊ नको, तर जातोय. रविवारी घरी आला की संध्याकाळपतुर जेवत न्हाई. जीप गेली. भाऊबंदात नाव गेलं. वीस मिनिटं थांबला, ते चुकलंच त्याचं, मीच त्याला शिव्या घातल्या. पर त्रिंबकमामा जीपमदी काय बोलले ते ठावं हाय का तुमाला?"

भिवराबाईंचा हात सुपात थांबला. त्या दिवशी त्या मागं बसल्या होत्या. त्रिंबक पुढं, आसारामशेजारी होता.

"मामा म्हनले, पहाटं सहापासून दुखतंय. म्हनले, मी हिला म्हनलो दवाखान्यात जाऊ, ही म्हनली आदी पराथना. पाच बाया जमल्या, तेल लावलं, गानी म्हनली. नऊ वाजले. तीन घंटे मावशी. आनि मामा काय म्हनले ठावं हाय? म्हनले, आसाराम, तिला कुनी बोलू नका, तिला लई लागंल. तेवढं ऐकून हा गप बसलाय. सा साल. मेलेल्या मानसाला शब्द दिलाय म्हून. मला बी शपथ घातलती."

सुपात एक पाखरू येऊन दोन दाणे टिपून गेलं. भिवराबाईंनी ते हाकललं नाही.

"मी शपथ मोडली," बबिता म्हणाली. "आता मोडलीच हाय तर आईका. उद्या मी येनार. दारात उभी ऱ्हाते. तुमी 'काही न्हाई' म्हनल्या तर मी बी गप निगून जाते, कुनाला काय कळनार न्हाई. आनि परत मोकळीक न्हाई म्हनल्या, तर मी साक्ष देते. मलाबी येती साक्ष."

ती गेली. तिचाही सूडच होता, पण तिनं त्याला दुसरं नाव दिलेलं नव्हतं.

भिवराबाई तांदूळ निवडत राहिल्या. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले. पहिल्यांदा त्यांना राग आला तो त्रिंबकचा. जन्मभर "तू म्हनशील तसं" म्हणणारा माणूस मरताना एका परक्याशी एवढं बोलला. मग आसारामचा आला, आणि तो राग आधीच्या सगळ्या रागांहून वाईट होता. सहा वर्षं त्या त्याला चाबकानं फोडून काढत होत्या, आणि सहा वर्षं त्याच्या हातात त्यांचा अख्खा संसार उघडा पाडणारी गोष्ट होती, ती त्यानं वापरली नव्हती. आपल्याला सांभाळून घेतलं गेलं हे त्यांना सहन होईना. त्यानं एकदा उठून ओरडून सांगितलं असतं तर त्यांनी त्याला क्षमाही केली असती, खरी.

मग ती सकाळ आली, जी त्यांनी सहा वर्षं साक्षीबाहेर ठेवली होती. त्रिंबक बाजेवर बसलेला, डाव्या खांद्यावर हात. "केजला तरी जाऊ," तो म्हणाला होता. आणि भिवराबाईंना आठवलं होतं की महिन्यापूर्वीच आपण सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलंय, सुईला हात लावू दिला नाही. आता नवऱ्याला घेऊन दवाखान्याची पायरी चढलो तर लोक काय म्हणतील. विश्वासाची बाई. त्यांनी बायकांना बोलावलं. सात वाजता सावित्रीबाई म्हणाल्या होत्या, "भिवरा, रंग बरा न्हाई दिसत याचा, घेऊन जाय." आणि भिवराबाई म्हणाल्या होत्या, "तुमचा इस्वास कमी पडला का?" सावित्रीबाईंनी तेलाची वाटी पुन्हा हातात घेतली. डॉक्टरनं "जरा आधी" असं म्हटलं नव्हतं. तो म्हणाला होता, दोन-तीन तास आधी आणायचं होतं.

त्या पाचही बायका दर रविवारी साक्ष ऐकायच्या. पाचही जणींना नऊ कसे वाजले ते ठाऊक होतं. पाचही जणी डोळे पुसायच्या, कारण वीस मिनिटांची गोष्ट त्यांनाही हवी होती.

संध्याकाळी चुलीपुढं भिवराबाई प्रार्थनेला बसल्या. "प्रभू, मला नम्र" एवढं झालं आणि पुढचा शब्द येईना. त्याऐवजी एक सरळ सोपा विचार आला. उद्या नुसतं "काही नाही" म्हणायचं. दोनच शब्द. आसारामला पाणी मिळेल, बबिता निघून जाईल, मंडळी म्हणेल, बघा, बाईनं अखेर मन मोठं केलं. कुणाचं काही वाईट होणार नाही. विचार इतका गुळगुळीत होता की भिवराबाईंना तो प्रभूचाच वाटला. त्यांनी तो धरलाही. भाकरी खाल्ली, भांडी घासली. मग लक्षात आलं की उद्या आपण मोठ्या मनाच्या म्हणून मिरवणार, आणि आसाराम त्याच्या पोटात त्रिंबकचा शब्द ठेवून आपल्यासमोर पाण्यात उतरणार, आणि त्यानंतर आयुष्यभर दर रविवारी आपल्याला ते ठाऊक असणार. मोह म्हणजे काय ते भिवराबाईंना पंचावन्नाव्या वर्षी कळलं. तो वाईट दिसत नाही. तो सगळ्यांच्या भल्याचा दिसतो.

रविवारी प्रार्थनाघराला शिंदीच्या झावळ्या बांधल्या होत्या. बबिता दारात उभी होती, ठरल्याप्रमाणे. बायकांनी तिच्या कुंकवाकडे बघून एकमेकींकडे बघितलं. मोहनरावांनी आसारामला पुढं बोलावलं. धुतलेला पांढरा सदरा घालून तो उभा राहिला.

"याच्याबद्दल कुणाच्या मनात काही आहे का?"

"काही नाही," मंडळी म्हणाली, आणि सगळ्यांच्या माना सवयीनं भिवराबाईंकडे वळल्या.

भिवराबाई उठल्या. पदर डोक्यावर घ्यायला विसरल्या. आवाज कुठं खाली आणायचा ते त्या दिवशी त्यांना आठवलं नाही. तो पहिल्यापासूनच खाली होता.

"माझा मानूस सकाळी सहाला म्हनला दवाखान्यात जाऊ," त्या म्हणाल्या. "मी नेलं न्हाई. तीन घंटे मी त्याला तेल लावीत बसले, कावून की मी तुमाला सांगितलं व्हतं, मला सुई लागत न्हाई. माझं नाव जाईल म्हून मी त्याला बसवून ठिवलं. आसारामनं वीस मिनिटं बसवलं. मी तीन घंटे बसवलं. हे मी कधी सांगितलं न्हाई. आनि आसारामला हे ठावं व्हतं, त्यानं बी सांगितलं न्हाई."

कुणी स्तुती असो म्हटलं नाही. ढोलकीवाल्यानं हात मांडीवर ठेवले. सावित्रीबाईंनी तोंड भिंतीकडे केलं.

भिवराबाई आसारामकडे वळल्या. "मी तुला क्षमा केली न्हाई. सा साल तुला मारलं. मला ते गोड लागायचं. माझी चूक झाली. मला क्षमा कर."

इथं काय व्हायला पाहिजे ते प्रत्येकाला ठाऊक होतं. आसारामनं पुढं व्हावं, हात जोडावेत, बायकांनी रडावं, गीत उचलावं. मोहनरावांच्या तर डोळ्यांत पाणीही आलं होतं. त्यांनी रिवाजाचा उरलेला प्रश्न, आता केवळ पद्धत म्हणून, विचारला.

"आसाराम, तुझ्या मनात कुणाबद्दल काही आहे का?"

"हाय," आसाराम म्हणाला.

मोहनरावांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालास?"

"हाय म्हनलं साहेब. मावशीबद्दल." तो मोहनरावांकडे बघत नव्हता, भिवराबाईंकडेही नाही. "दोन साल मी न्हाई म्हनलो, ते खोटं व्हतं. दर रविवारी मी मागं बसून मावशीला मनात फाट्यावर उभी करायचो, आनि रिकामी जीप त्यांच्या पुढून न्यायचो. दर रविवारी. आत्ता बी, त्या बोलाया लागल्या तवा मला लई बरं वाटलं. अजून बोलाव्या असं वाटलं. हे पोटात घिऊन पान्यात कसा उतरू?"

"येडा झालास का?" बबिता दारातून म्हणाली. "तिनं मागितलं ना आता?"

"मागितलं. मी आईकलं," आसाराम म्हणाला. "पर माझ्याकडं द्यायला अजून न्हाई. असल तवा देईन. साहेब, पुढल्या साली परत इचारा."

तो मागं जाऊन आपल्या जागी भिंतीला टेकून बसला. त्या वर्षी फुगवट्यावर दोन पोरी आणि एक म्हातारा पाण्यात उतरले. आसारामनं त्यांचे कपडे सांभाळले.

झावळ्यांच्या रविवारनंतर दोन दिवस भिवराबाई घराबाहेर पडल्या नाहीत. अंगणवाडीची खिचडी दुसऱ्या बाईनं शिजवली. वाडीत बोलायला विषय मिळाला होता आणि वाडी पोटभर बोलत होती. काही बायका म्हणाल्या, आता ही तोंड दाखवायची नाही. बीडहून कुणाचा तरी फोन आला, पुढच्या महिन्यात मंचावर साक्ष द्यायला या म्हणून. भिवराबाईंनी येत नाही म्हणून सांगितलं आणि कारण सांगितलं नाही.

ईस्टरच्या रविवारी त्या आल्या. नेहमीच्या पुढच्या जागेवर बसल्या नाहीत, बायकांच्या मागच्या रांगेत बसल्या. गीतं झाली. साक्षीची वेळ झाली. एकानं म्हशीचं सांगितलं, एकानं नोकरीचं. मग भिवराबाई उठल्या. त्यांना उभं राहिल्यावर पाय कापतात म्हणजे काय ते पहिल्यांदा कळलं. गोष्ट त्यांनी सांगितली नाही, कुणाचं काही सांगितलं नाही.

"आसाराम," त्या म्हणाल्या, "क्षमा कर."

आसारामनं वर बघितलं. त्यांच्याकडे बघत त्यानं जणू स्वतःच्याच पोटात हात घालून चाचपलं.

"अजून न्हाई, मावशी," तो म्हणाला.

"बरं," भिवराबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.